गावच्या वीरस्मारकाला वॉर सिमेट्रीचं माप

दारव्ह्याकडच्या एका भावाने विचारलं आहे. त्यांच्या गावातला जवान वीरमरण पावला त्याला दोन वर्षं झाली, आता लोकवर्गणीतून स्मारक बांधायचं ठरलं आहे. ठेकेदाराने काढून दिलेल्या चित्रात अकरा फुटी चबुतरा, वर घुमट, घुमटाखाली उलटी रायफल अन् तिच्यावर हेल्मेट आहे. हे भाऊ मध्यंतरी पुण्यात खडकीची वॉर सिमेट्री, म्हणजे महायुद्धांतल्या सैनिकांची दफनभूमी, पाहून आले. "तिथं काहीच नाही, नुसते एकसारखे दगड आन् गवत. तरी बोलायची इच्छा होत नाही. हे ठरवलं कोनं, आन् आमच्या गावाले त्यातलं काय घेता येईल?" जोडीला आणखी एक प्रश्न आहे. गावातले ऐंशीच्या घरातले एक आबाजी सांगतात की त्यांचे आजोबा 'बसऱ्याच्या लढाईत' गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं नाव दगडावर घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घ्या. का आणि कसं, ते ओघात येईल.

माझ्याबद्दल एवढंच की घराणं पाथरवटाचं, मी बांधकामावर मुकादम, पुढे सुपरवायझर झालो. नोकरीतली नऊ वर्षं लष्करी दफनभूमींच्या निगराणीत गेली, बहुतेक ईशान्येत. आता वर्ध्याकडे शेती करतो आणि कोणी बोलावलं तर गावची स्मारकं उभी करून देतो. म्हणजे इतिहास मी पुस्तकापेक्षा दगड पुसता पुसता शिकलोय, हे धरून वाचा.

सैनिकाला स्वतःची कबर, तिच्यावर स्वतःचं नाव, ही रीत फार जुनी नाही. १८१५ ला वॉटर्लूची लढाई झाली तेव्हा अधिकाऱ्याला कबर आणि शिपायाला खड्डा, असाच हिशेब होता. आपल्याकडचे वीरगळ आठवा. देवळाच्या आवारात नाहीतर शिवेवर उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवपिंडीसमोर बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. घडाई अशी की माझ्यासारख्याने टाकी खाली ठेवावी. पण बहुतेकांवर नाव नाही. कोण पडला ते गावाला माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. चार-पाच पिढ्यांनी गाव विसरलं आणि आता त्याच दगडाला शेंदूर फासून लोक म्हसोबा म्हणतात. देव झाला, पण माणूस गेला.

नाव कोरल्याचं जुनं उदाहरण आपल्या राज्यात आहे, ते भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा हा स्तंभ, पायाभरणी १८२१ ची. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या मृतांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' लागणारी, म्हणजे महार शिपायांची. स्तंभ कंपनीने स्वतःच्या बढाईसाठी उभारला हे खरं. पण १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले, पुढे लाखो लोक जाऊ लागले, ते कंपनीसाठी नाही. दगडावर नावं होती म्हणून. नावं नसती तर तो नुसता खांब राहिला असता.

आता तुम्ही पाहिलेल्या सिमेट्रीची गोष्ट. शिपायांना सारख्या ओळीत, सारखा मान देऊन पुरायची कल्पना अमेरिकेच्या यादवी युद्धात पुढे आली. गेटिसबर्गची दफनभूमी १८६३ ची, आणि तिथे विल्यम सॉन्डर्स नावाच्या बागकाम जाणणाऱ्या माणसाने कबरी अर्धवर्तुळात मांडल्या. पण खडकीची जी पद्धत आहे ती पहिल्या महायुद्धातली, आणि तिच्या मुळाशी फेबियन वेअर हा माणूस. वय पंचेचाळीस, सैन्यात घेईनात, म्हणून रेडक्रॉसच्या गाड्यांची तुकडी घेऊन १९१४ ला फ्रान्समध्ये गेला. जखमी उचलता उचलता त्याच्या ध्यानात आलं की शेताबांधावर लाकडी क्रूस ठोकलेत, त्यावर नावं आहेत, पण ती टिकवायची कोणी जबाबदारी घेतलेली नाही. एका पावसाळ्यात सगळं जाणार. त्याच्या तुकडीने नोंदवही सुरू केली: कोण, कुठे, कोणत्या पलटणीचा. दगड, बाग, कमानी हे सगळं नंतरचं. आधी वही. हे लक्षात ठेवा, तुमच्या गावाच्या कामाला येईल. त्या वहीतूनच २१ मे १९१७ ला इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं. १९६० पासून त्याच्या नावात कॉमनवेल्थ आलं. आज १७ लाख मृतांची आठवण हे कमिशन सांभाळतं.

सारखे दगड का, याचं उत्तर एका श्रीमंत घरात आहे. १९१५ च्या एप्रिलमध्ये विल्यम ग्लॅडस्टन नावाचा तरुण लेफ्टनंट फ्रान्समध्ये पडला. माजी पंतप्रधानाचा नातू. घरच्यांनी वरपर्यंत ओळख लावली आणि त्याचा देह मायदेशी, वेल्समधल्या घरच्या गावी आणला. त्यानंतर वेअरने आग्रह धरून देह उकरून नेण्यावर बंदी आणवली. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख, त्याचं पोरगं घरी येणार आणि खाणमजुराचं तिथेच राहणार, हे त्याला पटलं नाही. १९१८ ला ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी अहवाल दिला आणि नियम बांधले गेले: प्रत्येकाचं नाव, कायमच्या दगडावर, एकाच मापात, हुद्दा, वंश, धर्म यांत फरक नाही. लोक फार चिडले होते. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लोरेन्स सेसिल यांच्या अर्जावर आठ हजारांवर सह्या होत्या, क्रूस तरी लावू द्या म्हणून. ४ मे १९२० ला इंग्लंडच्या संसदेत यावर वाद झाला आणि कमिशनचं म्हणणं टिकलं. त्या बाईंचं आई म्हणून चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याने गावात वर्गणी गोळा केली आहे त्याला कळेल, की एका घराला सूट दिली की दुसऱ्या घराचा दगड आपोआप लहान होतो.

दगडाचं माप २ फूट ८ इंच उंच, १ फूट ३ इंच रुंद, ३ इंच जाड. माथा किंचित गोलाई दिलेला, पाणी थांबू नये म्हणून. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्माची खूण. अक्षरांचं वळण मॅकडोनल्ड गिल याने खास आखलं, तिरप्या उजेडातही वाचता येईल असं. सगळ्यात खाली घरच्यांना स्वतःची एक ओळ घालता येई, ६६ अक्षरांची. जनरल असो की खेचर हाकणारा, ओळ तेवढीच. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्यासाठीचे शब्द रुडयार्ड किपलिंगने दिले, 'देवाला माहीत' अशा अर्थाचे. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ ला लूसच्या लढाईत हरवला होता, आणि बापाच्या हयातीत सापडला नाही.

मोठ्या सिमेट्रीत आडवा ठोकळा असतो, तो एडविन लट्येन्सचा, ज्याने पुढे दिल्लीचं इंडिया गेट केलं. बारा फूट लांब. लांबून चौकोनी पाट दिसतो, पण पाथरवटाने पट्टी लावली की उजेड दिसतो, कारण त्यात एकही रेघ सरळ नाही. वरची बाजू १,८०१ फूट ८ इंच व्यासाच्या गोलाचा तुकडा आहे. एवढी बारीक फुगवट कशाला? तर अगदी सरळ कडा डोळ्याला मधे खचल्यासारखी दिसते. ही युक्ती जुनी, ग्रीकांची. या दगडावर कोणत्याही धर्माची खूण नाही, मुद्दाम नाही. उंच क्रूस आणि त्यावर खाली टोक केलेली कांस्याची तलवार असते ती रेजिनल्ड ब्लोमफिल्डची कल्पना. बाकी देशांनी आपापल्या रीती काढल्या. जर्मनांच्या दफनभूमीत गडद सपाट दगड आणि ओकची झाडं असतात, गेलं की ढग आल्यासारखं वाटतं.

आता बाग. लोकांना वाटतं फुलं शोभेसाठी आहेत. लंडनच्या क्यू बागेतले आर्थर हिल १९१६ पासून यात होते, गर्ट्रूड जीकिल या बाईंनी काही ठिकाणच्या फुलांचे आराखडे दिले, पण माळ्याच्या हाताला कळतं ते कारण वेगळंच आहे. पाऊस उघड्या मातीवर पडला की चिखल एक-दीड फूट उडतो आणि दगडाच्या खालच्या ओळीवर बसतो. खालची ओळ म्हणजे घरच्यांची ओळ. म्हणून दगडाच्या पायाशी बुटकी, दाट झाडं लावायची. चिखल उडत नाही आणि उंची इतकीच की अक्षर झाकत नाही. दगड ओळीत राहतात त्याचंही गुपित जमिनीखाली आहे. बऱ्याच ठिकाणी ओळीखालून काँक्रीटचा पट्टा जातो आणि दगड त्याच्या खाचेत बसतो. एकेकटा रोवला असता तर दहा वर्षांत दातांसारखे वेडेवाकडे झाले असते.

खडकीतल्या दुसऱ्या महायुद्धाच्या १,६६८ कबरींपैकी कित्येक मूळच्या तिथल्या नाहीत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या ज्या जागी कायम निगा राखणं शक्य नव्हतं तिथून त्या हलवून आणल्या. त्याच आवारात पहिल्या युद्धकाळात हिंदुस्थानात वारलेल्या १,८०० वर लोकांची नावं एका स्मारकावर आहेत. त्यांच्या कबरी छावण्यांच्या जुन्या दफनभूम्यांत कुठे कुठे विखुरल्या, आता सांभाळता येत नाहीत. कबर सुटली तरी नाव सोडलं नाही.

इथवर सगळं छान आहे. आता डाग.

'वंश, धर्म यांत फरक नाही' हा नियम युरोपात बऱ्यापैकी पाळला गेला. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला भारतीयांचं स्मारक आहे, हर्बर्ट बेकरने केलेलं, १९२७ चं. गोल आवार, सांचीच्या कठड्याची आठवण देणारी दगडी जाळी, कमळाचा माथा असलेला खांब आणि ४,७०० वर नावं. हिंदू आणि शीख जिथे जाळले गेले तिथे कबर नाही, म्हणून नावांची स्मारकं केली. मुसलमान शिपायाच्या दगडावर अरबी ओळ, हिंदूच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू-शीख शिपायांना अग्नी दिला, तिथे १९२१ ला संगमरवरी छत्री उभी राहिली. पण त्या ५३ जणांची नावं तिथल्या दगडावर यायला २०१० उजाडलं. नव्वद वर्षं छत्री होती, नावं नव्हती.

आणि बसरा. तुमच्या आबाजींचा बसरा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,००० वर लोकांचं स्मारक १९२९ ला तिथे उघडलं. इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदुस्थानी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, इतके. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत चावडीला संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. तीच तऱ्हा. हिशेब आहे, माणूस नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून माफी मागितली. आफ्रिका, इजिप्त, मेसोपोटेमिया या भागांत किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावानिशी, किंवा मुळीच, नोंद स्मारकावर झाली नाही असं त्यात आहे. त्यात बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे, आणि हिंदुस्थानीही. म्हणून आबाजींच्या आजोबांचं नाव घ्या म्हणतो. बसऱ्याच्या भिंतीवर ते कदाचित एका आकड्यात बसलेत. तुमच्या गावात त्यांना आकड्यातून बाहेर काढता येईल.

नाव वाचता येणं म्हणजे काय, ते मला इंफाळला समजलं. तिथल्या इंडियन आर्मी सिमेट्रीत ८२८ कबरी आहेत आणि अग्नी दिलेल्या ८६८ हिंदू-शीख सैनिकांच्या नावांचं स्मारक आहे. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातच सांगशाकला मराठा पलटण जपान्यांशी लढली होती, त्यामुळे आपल्याकडचं कोणी कधीमधी येई. एकदा सातारकडची पन्नाशीची एक बाई मुलाबरोबर आली. वडील गेले तेव्हा ती पाच महिन्यांची. नावांची इंग्रजी यादी तिला वाचता येईना. मुलाने बोट ठेवून दाखवलं. तिने पदराने आधी ते नाव पुसलं, घरातली तसबीर पुसावी तसं, मग अख्खा तळवा त्यावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी हातात होज धरून होतो, पाणी बंद करायचंही सुचलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, चल." ती म्हणाली, "थांब रे, आत्ताच तर भेट झाली."

ते नाव दहा फुटांवर असतं तर? मोठ्या स्मारकांचा हाच तोटा. इंडिया गेटवर १३,००० वर नावं आहेत, पण खालून किती वाचता येतात ते तुम्ही पाहिलं असेल. उलट नागालँडमधल्या कोहिमाच्या सिमेट्रीत बुटक्या ठोकळ्यांवर कांस्याच्या पाट्या आहेत. माणूस आपसूक वाकतो, नाहीतर खाली बसतो. तिथे १,४२० कबरी आहेत, टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी. ज्या टेनिस कोर्टावर १९४४ ला जपानी आणि इंग्रजांची फौज काही पावलांच्या अंतरावरून लढल्या त्याच्या पांढऱ्या रेघा अजून राखल्यात. बघणाऱ्याला अंतर दिसतं, तेवढं पुरतं.

तर आता तुमचं काम.

घुमट सोडून द्या. घुमटाखाली पारवे बसतात आणि नावावर हगतात, दुसरं काही होत नाही. उलटी रायफल आणि हेल्मेट ही खूण आपल्याकडे रुळली ती दिल्लीतल्या अमर जवान ज्योतीवरून, १९७२ ची. ती अनामिक सैनिकासाठी होती. तुमच्या जवानाला नाव आहे, आई आहे, त्याने खेळलेला पार आहे. शिवाय गावात मिळते ती सिमेंटची नाहीतर फायबरची रायफल असते, दोन उन्हाळ्यांत रंग सुटतो आणि पोरं नळी मोडतात.

पैसा जमिनीखाली घाला. माझीच चूक सांगतो. वर्धा नदीकाठच्या एका गावात मी पहिलं स्मारक केलं ते फेब्रुवारीत. काळी कपाशीची जमीन, उन्हाने दगडासारखी घट्ट झालेली. तीन फूट पाया घेतला, वर अडीच टनांचा दगड. मला वाटलं, हत्ती बांधला तरी हलायचा नाही. पावसाळ्यात माती फुगली. दिवाळीला जवानाच्या वडिलांचा निरोप आला. जाऊन ओळंबा धरला तर माथा दोन बोटं पुढे. म्हातारा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, पोरगं वाकलं जी." सगळं उतरवून पदरच्या पैशाने पुन्हा केलं.

तेव्हापासून माझा नियम असा. काळी माती पाच-सहा फुटांत संपून मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत खणायचं. निघालेली काळी माती परत भरायची नाही. बाहेरून मुरूम आणून अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर द्यायचे, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायचं. मुरूम खोल असेल तर अंडर-रीम पाइल घ्यायचे, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले, आणि त्यांवर बीम. याला इंजिनिअर बघू द्या, भीड धरू नका. चौथऱ्याभोवती चारी बाजूंनी तीन फुटांची फरसबंदी, बाहेर उतार असलेली, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. बाभूळ, निलगिरी जवळ नको, ती उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून भेगा पाडतात. सावलीला कडुनिंब लावा, पण जेवढा उंच होईल तेवढ्या अंतरावर. पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं की बोटभर असतानाच काढा. हातभर झालं की कोणी काढू देत नाही.

दगड कोणता? चकचकीत काळा ग्रॅनाइट सगळ्यांना आवडतो. माझा आक्षेप दोन. त्यात नावाऐवजी आपलंच तोंड दिसतं. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला त्या आईने हात ठेवला तर चटका बसतो. ग्रॅनाइटच घ्यायचा तर पॉलिश न केलेला, राखाडी घ्या. आपला काळा पाषाण उत्तम, घडणारा मिळाला तर. संगमरवर नको, आपल्या धुळीपावसात पिवळा पडतो. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षाराचे पांढरे ओघळ बसतात ते निघत नाहीत. पावसाचं पाणी साठवा, मऊ ब्रश घ्या. अॅसिड आणि तारेचा ब्रश, दोन्हींना शपथ घालून मनाई करा.

अक्षर कोरूनच घ्या, नुसतं रंगवलेलं नको. आणि कोरलेल्या अक्षरात दर १५ ऑगस्टला सोनेरी ऑइल पेंट भरायचा मोह टाळा. चौथ्या वर्षी थरावर थर बसतो आणि 'घ' आणि 'ध' एकच दिसतात. इंग्रजी मापाची जागा देवनागरीला पुरत नाही. खाली उकार, वर रफार, त्यावर अनुस्वार, त्यामुळे दोन ओळींत मोकळं अंतर लागतं. दीड इंचाखाली अक्षर गेलं तर अनुस्वाराचा ठिपका पाच वर्षांत धुळीने बुजतो. नुसता टिंब नका करू, चांगला खोल घ्या. आधी कागदावर खऱ्या मापात नाव काढा, भिंतीला चिकटवा, आठ दिवस राहू द्या. त्या आठ दिवसांत जेवढ्या चुका निघतात तेवढ्या कोणत्याही बैठकीत निघत नाहीत.

चबुतरा अकरा फुटी नको. गुडघाभर चौथरा, त्यावर कमरेपासून छातीपर्यंत येईल अशी नावाची पाटी. भोवती बकऱ्या अडतील एवढीच भिंत, मोठ्या माणसाला वरून आत दिसेल अशी. पायाशी सदाफुली लावा, उन्हाळा काढते आणि बुटकी राहते. पावसाळी लिली चालेल. लॉनच्या नादी लागू नका. मार्चमध्ये टँकर लागतो त्या गावात लॉनला पाणी घालताना पाहिलं तर लोक स्मारकालाच शिव्या देतील. आपोआप येणारी हरळी कापत राहिलात तर पुरे.

एक ओळ घरच्यांना द्या. समितीला 'अमर रहे' हवंच असतं, ते कमानीवर लिहा. दगडावर आई, बायको, मूल जे सांगतील ते. मला एका घरी बायको म्हणाली होती, "त्याहिले 'दादा' म्हणत पूर्ण गाव, तेच लिहा." लिहिलं. आजही तो दगड वाचून येणारा पाहुणा 'दादा कोण' विचारतो, आणि कोणीतरी बसून सांगतं.

जुन्या माणसांच्या नावांसाठी कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. हिंदुस्थानी शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. पण आजचं स्पेलिंग टाकाल तर हाती काही लागणार नाही. तेव्हा इंग्रजीत यवतमाळ 'Yeotmal' असं, अमरावती 'Amraoti' असं, चंद्रपूर 'Chanda' असं लिहीत. प्रांत बघायचा तर वऱ्हाडला 'Berar'. आडनाव बहुधा नसतंच, म्हणून एकट्या नावाने आणि बापाच्या नावाने शोधा. आबाजींना विचारा, आजोबा बंदूकवाले होते की पखालवाले, खेचरवाले? मोलमजुरीच्या तुकड्यांतूनही पुष्कळ गेले. महारांची १११ नंबरची पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, तीही तपासा. घरात जुनं पदक असेल तर त्याच्या कडेला बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेलं सापडू शकतं. भिंगाने बघा, चिंचेने घासू नका. एवढं करून काही मिळालं नाही तर नाव, गाव, 'पहिलं महायुद्ध, बसरा' एवढंच लिहा. ज्याची तारीख माहीत नाही तिथे अंदाजाने तारीख घालू नका. आजच्या जवानाचं मात्र हुद्दा, नंबर, युनिट, तारीख हे सारं पलटणीच्या कागदाशी जुळवून घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर सैन्यातल्यांची नावं २०१९ पासून ग्रॅनाइटवर आहेत. तिथे एक आणि गावात दुसरं, असं नको.

आणि दोघांचे दगड एकाच मापाचे घ्या. समितीत कोणीतरी म्हणेलच की हा आत्ताचा, याचा मोठा करू, तो जुना, त्याचा लहान चालेल. तिथे ऐकू नका.

वेअरसारखी वही करा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत. त्यात नाव, घर, पत्ता, दगड कुठून आणला, पाया किती खोल, कोरणारा कोण. पुढच्या वेळी दगड हलला तर कारण वहीत सापडेल. पुसायची पाळी घरानुसार ठरवा, संस्थेनुसार नको.

पावसाळ्याआधी खणायची घाई करू नका. दिवाळीनंतर कापूस घरात आला की कळवा, मी ओळंबा अन् गुण्या घेऊन येतो. तोवर दोन कामं करून ठेवा. जिथे स्मारक करायचं तिथे एक हात रुंदीचा खड्डा घेऊन मुरूम किती खाली आहे ते बघा, आणि दोन्ही नावं मोठ्या अक्षरात लिहून आबाजींना अन् त्या जवानाच्या आईला दाखवा.